दत्तूची टाच, भोरचं मैदान

दत्तूच्या टाचेची कातडी फडक्याबरोबर निघून आली तेव्हा दत्तू चहा पीत होता.

मी त्याच्या पायाशी बसून आदल्या संध्याकाळी बांधलेलं फडकं सोडत होते. ते टाचेला चिकटलं होतं म्हणून जरा ओढलं. हातात काय आलं ते आधी कळलं नाही. मग टाचेकडं बघितलं. आतलं लाल मांस दिसत होतं आणि मधोमध रुपयाएवढी जागा पांढरीफट्ट होती. मी वर बघितलं. त्यानं बशीत फुंकर मारली आणि म्हणाला, "आक्का, गूळ लई टाकलास आज."

दत्तू माझा धाकटा भाऊ. फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या पाठीत गोळी लागली आणि कमरेखालचं सगळं गेलं. गेलं म्हणजे पाय जागेवर होते, पण हलत नव्हते, आणि त्यांना काही कळत नव्हतं. वर्षभर पुण्याला लष्करी दवाखान्यात काढून तो महिन्याच्या रजेवर माझ्या घरी आला होता. थंडीचे दिवस होते. आमची वाडी पालीच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या पायथ्याशी. तिथं थंडी जास्तच. त्याच्या पायांना हात लावला की गार लागायचे.

आमच्याकडं गार पायांना शेक देतात. वीट चुलीत तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि टाचांना लावून ठेवायची. शेकणाऱ्यानं मधून मधून विचारायचं, चटका बसतो का. शेकून घेणाऱ्यानं सांगायचं, आता काढ. आईला, सासूला, बाळंतिणींना मी असाच शेक दिला होता. दत्तूलाही विचारलं. तो म्हणाला, "न्हाई, बरं हाय." खोटं बोलला नाही. मी वीट सरकू नये म्हणून वरून दुसरं फडकं घट्ट बांधलं आणि भाकरी करायला गेले. नंतर वीट काढली, फडकं तसंच राहू दिलं, ऊब राहील म्हणून.

ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला जे कुणी आधी सांगायला हवं होतं, ते मी सांगते.

*

चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. कोरफडीचा गर लावला, मग हळद आणि तूप. दत्तूला सांगितलं, फोड आलाय, बसेल. दुसऱ्या कुणाला एवढं भाजलं असतं तर तो ओरडला असता, लंगडला असता, सगळ्या वाडीला कळलं असतं. हा बाजेवर पडून रेडिओ ऐकत होता. त्याला दुखत नाही म्हणजे फार नसेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

पाचव्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. आमचे मालक शेतावरून आले, दारातच थांबले आणि विचारलं, वास कसला येतोय. मग त्यांनीच पांघरूण उचललं.

बाजेला बांबू बांधून चौघांनी त्याला एसटीच्या रस्त्यापर्यंत नेलं. कंडक्टरनं मागची लांब सीट रिकामी करून दिली. मी दत्तूचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मालक शेजारी उभे.  नसरापूरच्या फाट्याला विचारलं, "काय केलंस?"

"शेक दिला. विटंचा."

 कात्रजचा घाट उतरताना म्हणाले, "तितं खरं सांग. दुसरं काय सांगत बसू नगं."

पुण्याच्या लष्करी दवाखान्यात मी खरं सांगितलं. मेजर डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि निघून गेले. मग वॉर्डच्या सिस्टर मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. त्या केरळच्या. मराठी मोडकं, पण मुद्द्याचं. म्हणाल्या, "त्याला कळणार नाही. तुम्ही बघायचा. रोज दोन वेळा. सगळा अंग."

मी म्हणाले, हे त्याला आधी कुणी सांगितलं नाही का. त्या म्हणाल्या, दहा वेळा सांगितलं. नंतर दत्तूला विचारलं तर तो म्हणाला, सांगितलं असंल, मी तवा पंख्याकडं बघत पडायचो.

*

त्याच्या पायांचं पहिल्यांदा कळलं तो दिवस याच्या वर्षभर आधीचा. तार आली होती, जखमी आहे म्हणून. मी, मालक आणि दत्तूची बायको, तिघं पुण्याला गेलो. आईवडील आमचे आधीच गेलेले. दत्तूची बायको किकवीची, लग्नाला आठ महिने झाले होते आणि त्यातले दोनच महिने ती दोघं एकत्र राहिली होती. मला वाटलं होतं हात तुटला असेल, डोळा गेला असेल. दत्तू कॉटवर उताणा पडला होता, चेहरा धड, हात धड. मला हसू आलं. मी म्हणाले, अरे तुला तर काहीच झालेलं नाही.

तो म्हणाला, "पाय दाब बरं माझा."

मी दाबला. त्यानं विचारलं, "दाबलास का?" मी जोरात दाबला. तो पुन्हा म्हणाला, "दाब की."

त्यावरून आम्हांला कळलं. डॉक्टरांनी नंतर येऊन सांगितलं, पण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बायकोला त्यानंच माहेरी पाठवलं. तिचे वडील आले तेव्हा त्यांना म्हणाला, हिला घेऊन जावा आणि दुसरं बघा. ती गेली. मी तिला नावं ठेवत नाही. वीस वर्षांची होती. नावं ठेवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, त्यांतली एकही दत्तूचं हगणं-मुतणं काढायला आली नाही.

माझ्या सासूनं स्पष्ट विचारलं, हा आता जन्मभर आपल्याकडं का. मी हो म्हणाले. सासू म्हणाली, मग तुझं तू बघ. तिचंही चूक नव्हतं. घर दोन खणांचं आणि त्यात आमची दोन पोरं.

*

भाजल्यानंतर पंधरा दिवसांनी मेजर डॉक्टर म्हणाले की विष हाडात गेलं आहे, पाय गुडघ्याखाली काढला नाही तर माणूस हाती लागणार नाही. दत्तूनं सही केली. मी कॉटजवळ उभी होते. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "जाऊ दे. तसा कामाचा कुटं व्हता."

पाय काढल्यावर आठवडाभर ताप उतरत नव्हता. तो मला ओळखायचा नाही. आईला हाका मारायचा. त्या आठवड्यात मी देवाला काही मागितलं नाही. शेक मी दिला होता, देवाला त्यात कशाला ओढायचं.

ताप उतरला. दत्तूनं मला तेव्हा किंवा नंतर कधीही दोष दिला नाही. लोक म्हणतात, मनाचा मोठा. मला तसं वाटत नाही. त्याला माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि ते त्याला कळत होतं.

मी अडीच महिने पुण्याला नणंदेकडं राहिले. सकाळी वॉर्डात जायचं, दिवस मावळताना परत. मालक रविवारी तांदूळ घेऊन यायचे. पहिल्या रविवारी विचारलं, कधी येतेस. दुसऱ्या रविवारी विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी म्हणाले, पोरं तुला इचारायची बंद झाल्यात. ते टोचायला बोलले की कळवायला, हे मी कधी विचारलं नाही.

*

वॉर्डाचं सगळं घड्याळावर चालायचं. दर दोन तासांनी घंटा व्हायची आणि दोन आर्डर्ली, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, एका टोकापासून सुरू व्हायचे. प्रत्येकाला कुशीवर, मग पोटावर, मग दुसऱ्या कुशीवर. एका अंगावर जास्त वेळ पडलं की तिथलं रक्त थांबतं, मांस मरतं, आणि माणसाला पत्ता लागत नाही. शेजारच्या कॉटवर कासमभाई होते. घंटा झाली की म्हणायचे, "चला, भाकरी उलटायची येळ झाली. बघा रं, करपली का."

कासमभाई भोर गावातले. पासष्टच्या लढाईत जखमी झालेले, म्हणजे त्या वॉर्डातले जुने. सुट्टीत घरी जायचे, पुन्हा यायचे. घरी बायको जैनब आणि एक मुलगी. सगळ्या वॉर्डाला माणूस हसवायचा, पण दत्तू जेवला नाही तर त्याच्याकडं बघून स्वतःचं ताट बाजूला ठेवायचा. म्हणायचा, एकट्याला ग्वाड लागत न्हाई. मग दत्तू शिव्या देत जेवायचा.

सिस्टरनी मला तपासायला शिकवलं. आरसा धरायचा, कमरेखाली, टाचेला, घोट्याला, बसायच्या हाडांवर बघायचं. लाल डाग दिसला तर अंगठ्यानं दाबायचा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर चिंता नाही. दाबूनही लालच राहिला तर आतलं मांस मरायला लागलं आहे. मग बसायचं नाही. डाग जाईपर्यंत पालथं पडून राहायचं, चार दिवस लागोत की महिना. यात सवलत नाही.

दत्तू माझा भाऊ, म्हणून मला चालत होतं. बाकीच्यांना आर्डर्ली बघायचे. बायकामाणसांनी परक्या पुरुषाचं तसं बघायचं नाही, हे सिस्टर सोडून सगळ्यांना मान्य होतं. मलाही.

*

पायाची जखम भरल्यावर दत्तूला चाकाच्या खुर्चीत बसवलं. पहिल्यांदा बसला तेव्हा चक्कर येऊन पुढं पडला. मग रोज थोडं थोडं. वॉर्डामागं एक मैदान होतं, तिथं हे लोक खुर्च्यांची शर्यत लावायचे, गोळा फेकायचे. लोखंडी जड खुर्च्या त्या, ढकलताना हाताची सालं निघायची. मला ते पोरखेळ वाटायचे. दत्तूला म्हणाले, धडधाकट होतास तेव्हा शाळेत कधी पळाला नाहीस. तो म्हणाला, तवा मागं तू काठी घिऊन असायचीस, ती शर्यत धरत न्हाईत.

एक गोष्ट खरी. खेळायला लागल्यापासून तो स्वतः आरसा मागायला लागला. डाग असला तर खेळता येत नाही, म्हणून डाग पडू द्यायचा नाही. माझ्या सांगण्यानं जे झालं नव्हतं ते शर्यतीनं झालं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला भोरला सामने ठरले. भोर-वेल्ह्यातले पेन्शनीत निघालेले काही फौजी एकत्र आले होते, त्यांनी दवाखान्याची परवानगी काढली. पुण्याच्या वॉर्डातले नऊ जण खेळणार होते, शर्यत, गोळा आणि भाला; लष्करी ट्रकबरोबर सिस्टर आणि एक आर्डर्ली येणार होते. मदतीला माणसं पाहिजे होती. सिस्टरनी माझं नाव सांगितलं. मी कधी असल्या कामाला गेले नव्हते, पण दत्तू खेळणार होता म्हणून गेले.

*

आम्ही बायका आठ होतो. भोरच्या सहा, नसरापूरची एक आणि मी. पाणी देणं, सावलीला नेणं, भाला फेकताना खुर्ची मागून धरणं, अशी कामं वाटून दिली होती. खुर्ची दोरीनं खुंट्यांना बांधायची आणि वर दोघींनी धरायची, नाहीतर भाल्याबरोबर माणूसही जायचा. एकीनं पहिल्यांदा धरली आणि भाला सुटताना भिऊन सोडून दिली. खुर्चीतला म्हणाला, बाई, पाकिस्तानवाल्यांनी पण इतक्या लवकर सोडलं नव्हतं.

सुरुवातीलाच एक प्रकार झाला. भोरच्या बायकांनी पाहुण्यांचे पाय धुवायचे ठरवलं होतं. देशासाठी पाय गेले, त्यांचे पाय धुवायचे, असा त्यांचा विचार. चांगला विचार होता. त्यांनी बंबात पाणी तापवून आणलं होतं, आणि ओवाळायचं ताट. पहिल्याच जवानाचे बूट मोजे काढून परात पुढं ओढली. पाण्यातून वाफ येत होती. मी धावत जाऊन परात उलटी केली. सगळं पाणी मातीत.

त्या बाई ठसक्याच्या होत्या. म्हणाल्या, "ह्यो काय अपशकुन? आमी काय त्यांना मारतोय व्हय?"

मी म्हणाले, "तुमच्या हातानं बघा आधी किती कढत हाय. त्यांना कळत न्हाई. म्या माझ्या भावाचा पाय असाच घालवलाय."

एवढ्या लोकांत हे पहिल्यांदा बोलले.  मग त्या बाईंनीच हौदातलं साधं पाणी आणायला सांगितलं. पण त्यानंतर दिवसभर बायका माझ्यापासून जरा लांब राहिल्या. भावाचा पाय घालवलेली बाई म्हणून की परात उलटी केलेली म्हणून, कोण जाणे.

*

खुर्चीत बसायच्या आधी प्रत्येकाची तपासणी होती. मैदानाच्या कडेला एक राहुटी ठोकली होती. नऊ जणांना एकच आर्डर्ली. दत्तू म्हणाला, माझं आक्का बघंल.

मी त्याला पालथा केला आणि बघितलं. डाव्या बसायच्या हाडावर डाग होता, चिंचोक्याएवढा. ट्रकमध्ये फळीवर बसून आला होता त्यानं पडला असेल. मी अंगठ्यानं दाबला. लालच राहिला. पुन्हा दाबला, जास्त वेळ. लालच.

त्यानं मान न वळवता विचारलं, "हाय का?"

"हाय."

"पांढरा पडतोय का?"

"न्हाई."

 तो हळू आवाजात म्हणाला, "आक्का, दीड मिंटाची शर्यत हाय. मग आठवडाभर पालथा पडतो. सांगू नको."

बाहेर लोक जमले होते. पालीहून, वेल्ह्याहून आमची माणसं आली होती. मालक आले होते, पोरांना घेऊन. किकवीहून, त्याच्या बायकोच्या माहेरगावाहूनही काही जण आले होते आणि त्यांत कोण असेल ते दत्तूनं मला विचारलं नव्हतं, पण नवा शर्ट घातला होता. पाय गेल्यापासून तो पहिल्यांदा आपल्या माणसांपुढं काही करून दाखवणार होता. हे मला समजत नव्हतं असं नाही.

मी म्हणाले, "सांगणार."

"तू माझा पाय घालवलास तरी म्या काय बोललो न्हाई."

सव्वा वर्षात हे तो पहिल्यांदा बोलला. मी त्याची पॅन्ट वर ओढली, पांघरूण घातलं, बाहेर गेले आणि सिस्टरना सांगितलं. त्यांनी यादीतून त्याचं नाव काढलं. दत्तूला राहुटीत पालथं झोपवून ठेवलं. सामने संपेपर्यंत तो तिथंच होता. लोकांनी ओरडा केला की त्याला ऐकू जात होतं.

*

कासमभाईंचं गाव तेच. ते आदल्या दिवशीच सुट्टी घेऊन घरी आले होते आणि सकाळी घरूनच मैदानावर आले, भावाच्या टेम्पोतून. आर्डर्लीनं तपासायला आत बोलावलं तर म्हणाले, "माझं जैनबनं बघितलंय घरी. समदं ठीक हाय." आर्डर्लीला आठ जण बघायचे होते. त्यानं ठीक लिहिलं.

कासमभाई शर्यतीत पहिले आले. भाल्यातही पहिले. भोरच्या लोकांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. जैनब बुरख्याच्या आत रडत होती आणि मुलगी वडिलांच्या मांडीवर जाऊन बसली होती.

भाल्याच्या वेळी त्यांची खुर्ची मी धरली होती. फेकताना ते पुढं वाकले तेव्हा पांढऱ्या पॅन्टवर मागं एक ओला डाग दिसला. पिवळसर, कडेला तांबूस. दोन रुपयांच्या नाण्याएवढा असेल. घामाचा डाग तसा नसतो, हे मला माहीत होतं. मी अडीच महिने त्या वॉर्डात काढले होते.

मी बोलले नाही.

बोलायला दोन पावलांवर सिस्टर होत्या. पण मी एक बाई, आणि परक्या पुरुषाच्या बैठकीकडं बघितलं असं चारचौघांत कसं सांगायचं. सकाळी परात उलटी केली होती, मग सख्ख्या भावाला शर्यतीतून काढायला लावलं होतं. मालकांकडून, वाडीच्या लोकांकडून दिवसभर काय काय ऐकलं होतं. एक जण तर म्हणाला, बहीण हाय का सीआयडी. आता ज्याच्या गावात सामने त्याला मी थांबवणार होते. मला वाटलं, जैनबनं बघितलं आहे. नंतर जैनबनं मला सांगितलं की तिनं बघितलं नव्हतं. ती आरसा घेऊन आली तेव्हा ते म्हणाले होते, तिथं गेल्यावर आर्डर्ली बघंल, तू शेवया कर.

*

दत्तूचा डाग अकरा दिवसांनी गेला. तो पुण्याला पालथा पडून होता. मी भेटायला गेले की भिंतीकडं तोंड करायचा. सिस्टरशी बोलायचा, मालकांशी बोलायचा, माझ्याशी नाही. मी डबा ठेवायची आणि परत यायची. असे सहा महिने.

कासमभाई सामन्यांनंतर सहा दिवसांनी वॉर्डात परत आले तेव्हा जखमेत मूठ जाईल एवढी जागा झाली होती. वरून छोटं दिसतं आणि आत पोखरत जातं. त्यांना शेजारच्या कॉटवर पालथं घातलं. घंटा झाली की अजून भाकरीचं बोलायचे. मग ताप चढायला लागला, हाडात गेलं, मूत्रपिंडावर गेलं. पावसाळ्यात मी गेले तेव्हा बोलत नव्हते. गणपतीच्या आठ दिवस आधी ते वारले. जैनब होती, मी होते, आणि शेजारच्या कॉटवर दत्तू होता. भोरला मातीला दोन्ही तालुक्यांतले फौजी आले होते.

त्यानंतरच्या भेटीत दत्तूनं तोंड माझ्याकडं केलं. कासमभाईंच्या कॉटवर दुसरा माणूस आला होता. दत्तूनं विचारलं, "खुर्ची तू धरली व्हतीस त्यांची. दिसलं न्हाई तुला?"

मी म्हणाले, "दिसलं."

"मग माझं सांगितलंस, त्यांचं का न्हाई सांगितलंस?"

"लाजले."

तो रागावला नाही. मला वाटतं त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं, काहीतरी मोठं कारण असेल असं वाटलं होतं. मग म्हणाला, "डबा उघड."

*

जैनबला मी हे सांगितलं, चाळिसाव्याच्या दिवशी. ती म्हणाली, दोघींनी बघितलं न्हाई आक्का.  पुढच्या वर्षी सामन्यांना ती माझ्याबरोबर मदतीला आली.

सामने पुढं पाच वर्षं झाले, भोरला तीनदा, पुण्याला दोनदा. मी प्रत्येक वेळी गेले. आर्डर्लीनं तपासून झालं तरी मी राहुटीच्या तोंडाशी बसायची आणि खुर्ची बाहेर काढायच्या आधी प्रत्येकाला विचारायची, कुणी बघितलं, कधी बघितलं, स्वतःच्या डोळ्यानं बघितलं का. संशय आला तर आर्डर्लीला परत आत पाठवायची आणि तो कंटाळा करायला लागला तर मी स्वतः बघायची. पहिल्या वर्षी एक म्हातारे सुभेदार चिडले, बायकांना लाजलज्जा राहिली नाही म्हणाले. पोरं मला जकात नाका म्हणायची. नाका आला, गाड्या थांबवा. दत्तू सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. तो दुसऱ्या वर्षी शर्यतीत तिसरा आला आणि चौथ्या वर्षी पहिला. पहिला आला त्या वर्षी किकवीहून कुणी आलं नव्हतं.

तुमच्या घरात असा माणूस असेल तर मी सांगते ते करा. शेक देऊ नका, कितीही गार लागले तरी. पाणी आपल्या कोपरानं बघा. सकाळ-संध्याकाळ आरसा धरा आणि अंगठ्यानं दाबून बघा. त्यानं ठीक आहे म्हटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, त्याला माहीत नसतं. बायकोनं बघितलं असेल, आर्डर्लीनं बघितलं असेल असं धरून चालू नका. आणि माणूस नात्यातला नसला, तुमच्या जातीधर्मातला नसला, पुरुष असला आणि तुम्ही बाई असलात, तरी दिसलं तर बोला. तेव्हा लोक काय म्हणतात ते म्हणू द्या.

मालक जाऊन नऊ वर्षं झाली. जैनब परवाच्या उन्हाळ्यात गेली. त्या पहिल्या वर्षी भोरच्या मैदानावर नऊ जण आले होते. त्यांतला एकटा दत्तू हयात आहे.